स्टेअर डाऊन कसं वापरायचं, आणि मधला 'हिम' का विसरायचा नाही

गेल्या पावसाळ्यात माझ्या क्लासमधल्या एका अकरावीच्या पोरीने 'बसमधला प्रवास' या विषयावर पाच-सहा ओळी लिहून आणल्या होत्या. ती पारोळ्याहून अमळनेरला रोज एसटीने येते. त्यातली दोन वाक्यं अशी होती, 'ही वॉज स्टेअरिंग मी. आय स्टेअर्ड डाऊन.' पहिल्या वाक्यात 'ॲट' राहिलाय हे लगेच दिसलं, लाल पेनाने तो घातला, दुसऱ्यात 'हिम' राहिला असेल असं समजून तोही मीच मध्ये घातला, 'आय स्टेअर्ड हिम डाऊन', आणि बाजूला मोठ्या अक्षरात शाब्बास लिहिलं. क्लास सुटल्यावर ती वही छातीशी धरून दाराशी थांबली. म्हणाली, मॅडम, शाब्बास कशाबद्दल, मी तर खाली मान घालून चपलांकडे बघत बसले होते, पार अमळनेर येईपर्यंत.

तिने मोबाईलवर शोधलं होतं. स्टेअर म्हणजे टक लावून बघणे, डाऊन म्हणजे खाली, मग स्टेअर डाऊन म्हणजे खाली बघणे. बेरीज तिची बरोबर होती. पण फ्रेजल व्हर्बमध्ये बेरीज चालत नाही, दोन शब्द एकत्र आले की तिसराच अर्थ निघतो, आणि इथे तर मध्ये 'हिम' आला की तो अर्थ तिला म्हणायचं होतं त्याच्या अगदी उलटा निघत होता. मी घातलेल्या एका 'हिम'ने हरलेली पोरगी कागदावर जिंकलेली झाली होती. तेव्हापासून हा एक व्हर्ब मी प्रत्येक बॅचला एक अख्खा तास देऊन शिकवते, आणि तेच इथे लिहून ठेवतेय.

आधी अर्थ. कोणाला स्टेअर डाऊन करणं म्हणजे त्याच्या डोळ्यात डोळे घालून, न घाबरता, न बोलता इतका वेळ बघत राहायचं की शेवटी त्यालाच नजर खाली घालावी लागते किंवा तोंड फिरवावं लागतं. आता प्रश्न असा की यातला 'डाऊन' कोणाचा? बघणाऱ्याचा नाही. ज्याच्याकडे बघितलं त्याची नजर खाली जाते, म्हणून डाऊन त्याचा. एवढं एक डोक्यात बसलं ना की अर्धं काम झालं. आपल्या अहिराणीत सांगायचं तर डोयामा डोया घालीसन देखनं, आणि समोरच्याने हार मानेपर्यंत देखत राहणं.

आणि हा डाऊन एकटा नाहीये, त्याचं खानदान आहे. शाउट डाऊन म्हणजे आरडाओरडा करून समोरच्याला गप्प बसवणं. वेअर डाऊन म्हणजे मागे लागून लागून एखाद्याला थकवून टाकणं. फेस डाऊन म्हणजे समोर उभं राहून माघार घ्यायला लावणं. सगळीकडे गाडी एकाच रुळावर चालते, पहिला शब्द सांगतो काय केलं आणि डाऊन सांगतो की त्याने समोरचा खाली आला. आणि जो खाली आला त्याने काय केलं हे सांगायला पण डाऊनच लागतो, 'ही बॅक्ड डाऊन', म्हणजे त्याने माघार घेतली. एका वाक्यात दोन्ही बसतात, 'शी स्टेअर्ड हिम डाऊन अँड ही बॅक्ड डाऊन'. पहिल्यात मध्ये हिम आहे, दुसऱ्यात कोणी नाही, कारण माघार ज्याची त्यानेच घ्यायची असते.

नुसता स्टेअर हा शब्द खूप जुना आहे, जुन्या इंग्रजीत तो 'स्टारिअन' असा होता, आणि त्याच्या मुळाशी ताठ, कडक असा अर्थ आहे, जर्मनमध्ये आजही 'श्टार' म्हणजे ताठ. म्हणजे स्टेअर करणं हे मुळात डोळे ताठ करून बघणं आहे, पापणी न हलवता. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण मराठीत आपण 'एकटक' म्हणतो, 'रोखून' म्हणतो, त्यातही तीच न हलणारी नजर आहे.

आता त्या बसमधलं पुढचं सांगते, कारण पोरगी दाराशी उभी राहून नंतर जे बोलली त्यात सगळा धडा होता. मी विचारलं, मग तो माणूस बघतच राहिला का पूर्ण रस्ताभर? ती म्हणाली, नाही ना मॅडम, बाजूच्या सीटवर एक आजी होती, नऊवारी नेसलेली, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी, तिच्या लक्षात आलं. आजी काही बोलली नाही. पिशवी खाली पायाशी ठेवली, पदर खोचला, वळून बसली आणि त्या माणसाकडे बघायला लागली. नुसती बघत राहिली. तो आधी हसला, मग मोबाईल काढला, मग मोबाईलवरून परत वर बघितलं तर आजी तशीच. मग खिडकीबाहेर बघायला लागला. परत वळला, आजी तशीच. शेवटी उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला, त्याचा स्टॉप यायला वेळ होता तरी. तेव्हा आजी एवढंच म्हणाली, 'आते देख ना!' आणि मेथीची पिशवी परत मांडीवर घेतली.

हे ऐकून मी तिला तिथेच उभ्या उभ्या परत लिहायला लावलं. तिने लिहिलं, 'अ मॅन वॉज स्टेअरिंग ॲट मी. आय स्टेअर्ड डाऊन ॲट माय चप्पल्स. दि ओल्ड वूमन स्टेअर्ड हिम डाऊन.' तीन वाक्यं, तीन वेळा स्टेअर, आणि तिन्हीचा अर्थ वेगळा. त्या आजीचं नाव गाव काही माहीत नाही पण माझ्या प्रत्येक बॅचला ती भेटते.

पहिलं वाक्य, स्टेअर ॲट. कोणाकडे टक लावून बघणं. बघणारा बघतोय एवढंच कळतं, पुढे काय झालं ते नाही. इथे 'ॲट' लागतोच. आपली पोरं 'स्टेअरिंग मी' लिहितात कारण डोक्यात 'मला बघत होता' असतं, आणि जी जरा विचार करतात ती 'स्टेअरिंग टुवर्ड्स मी' लिहितात कारण डोक्यात 'माझ्याकडे' असतं. दोन्ही नको. त्या 'कडे'चं इंग्रजी इथे ॲट आहे, पाठच करून टाका. आणि ॲट आणि माणूस यांची फारकत होत नाही, 'स्टेअर हिम ॲट' असं कधीच होत नाही.

दुसरं वाक्य, ज्यात डाऊन नुसती दिशा आहे. चपलांकडे खाली बघितलं, विहिरीत खाली बघितलं, पाटणादेवीच्या डोंगरावरून खाली दरीत बघत राहिलो, हे सगळं 'स्टेअर्ड डाऊन ॲट' किंवा 'स्टेअर्ड डाऊन इन्टू'. यात कोणी हरत नाही जिंकत नाही. ओळखायची खूण अशी, डाऊन काढून टाकून बघा. 'आय स्टेअर्ड ॲट माय चप्पल्स' हे वाक्य उभं राहतं, फक्त दिशा गेली. पण आजीच्या वाक्यातला डाऊन काढला तर 'दि ओल्ड वूमन स्टेअर्ड हिम' उरतं, आणि ते इंग्रजीच नाही. वाक्य कोसळलं तर समजा की डाऊन दिशेचा नव्हता, व्हर्बचाच तुकडा होता. आणि पोरीला जे मुळात म्हणायचं होतं, नजर खाली घातली, त्याला साधं 'आय लुक्ड डाऊन' पुरतं, किंवा 'आय लोअर्ड माय आईज'. नजर चोरली, तोंड फिरवलं याला 'लुक्ड अवे'. त्या माणसाने तेच केलं, 'ही लुक्ड अवे फर्स्ट'.

तिसरं वाक्य, आपला खरा स्टेअर डाऊन. याचे नियम नीट बघू कारण परीक्षेत पण इथेच मार्क जातात. समोरचा माणूस हिम, हर, देम, मी, अस असा सर्वनामात असेल तर तो मध्येच बसतो, 'स्टेअर हिम डाऊन', 'शी स्टेअर्ड अस डाऊन'. 'स्टेअर डाऊन हिम' चूक. नाव किंवा नुसता शब्द असेल तर दोन्ही चालतं, 'शी स्टेअर्ड दि मॅन डाऊन' पण बरोबर, 'शी स्टेअर्ड डाऊन दि मॅन' पण बरोबर. फक्त वर्णन लांबलचक असेल, म्हणजे खिडकीजवळ बसलेला निळ्या शर्टवाला माणूस, तर ते सगळं डाऊनच्या पुढे टाका, मध्ये कोंबलं तर वाचणारा डाऊनची वाट बघत बसतो. आणि 'कोणाला' हेच वाक्यात नसलं तर वाक्य अपुरं, 'आय स्टेअर्ड डाऊन' एवढ्यावर थांबलात की ऐकणाऱ्याला वाटणार तुम्ही जमिनीकडे बघत होतात. माझ्याकडून तिची वही तपासताना झालं ते यामुळेच झालं, मी समोरचा माणूस माझ्या मनाने घातला, तिला आधी विचारायला हवं होतं.

रूपं सोपी, स्टेअर, स्टेअर्ड, स्टेअर्ड, स्टेअरिंग. स्पेलिंगमध्ये एक खड्डा आहे तो सांगते. स्टेअरिंग लिहिताना शेवटचा ई जातो आणि आर एकच राहतो. आर दोन झाले की तो शब्द 'स्टारिंग' होतो, सिनेमात प्रमुख भूमिका असणं. आणि जिन्याच्या पायरीचा 'स्टेअर' उच्चाराला अगदी हाच पण स्पेलिंग वेगळं, त्यात ए नंतर आय येतो. मोबाईल आपोआप सुधारणा करतो तेव्हा यातलं काहीही टाकून देतो, पाठवायच्या आधी बघत जा.

बोलताना जोर कुठे द्यायचा हे पण सांगते कारण हे पुस्तकात कमी मिळतं. व्हर्ब म्हणून बोलताना जोर डाऊनवर, 'स्टेअर्ड हिम डाऊऽन'. पण हाच शब्द नाम म्हणून येतो, 'अ स्टेअरडाऊन', म्हणजे नजरेची लढत, तेव्हा जोर पहिल्या भागावर, 'स्टेऽअरडाऊन'. बॉक्सिंगच्या मॅचआधी दोघं नाकाला नाक लावून एकमेकांकडे बघत उभे राहतात ना, फोटोवाले समोर, त्याला स्टेअरडाऊन म्हणतात.

ब्रिटनमध्ये याच अर्थाने 'स्टेअर आऊट' जास्त ऐकू येतं, 'शी स्टेअर्ड हिम आऊट', अमेरिकेत डाऊन. अर्थ एकच, घाबरू नका. फक्त 'स्टेअर आऊट ऑफ दि विंडो' वेगळं, ते आपलं खिडकीबाहेर बघत बसणं. तसंच 'स्टेअर इन्टू स्पेस' म्हणजे शून्यात बघत बसणं, आणि उत्तर समोरच होतं पण दिसलं नाही याला 'दि आन्सर वॉज स्टेअरिंग मी इन दि फेस'. ही एक जागा अशी जिथे 'स्टेअरिंग मी' बरोबर आहे, कारण पुढे 'इन दि फेस' आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, निकाल. स्टेअर डाऊन भूतकाळात वापरला की जिंकलात हे ठरलेलं असतं. 'आय स्टेअर्ड हिम डाऊन' म्हटलं आणि मग 'बट ही डिडन्ट लुक अवे' म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो, आपण 'मी त्याला हरवलं पण तो जिंकला' म्हटल्यासारखं ते होतं. निकाल लागला नसेल तर 'ट्राइड टू' लावा. क्रिकेटचं एक उदाहरण मी देते, ९ मार्च १९९६, बंगळूर, वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, भारत-पाकिस्तान. आमिर सोहेलने वेंकटेश प्रसादला चौकार मारला आणि बॅट सीमारेषेकडे दाखवून परत तिकडेच मारतो असं खुणावलं. पुढच्याच बॉलवर प्रसादने त्याचा ऑफ स्टंप उडवला. तिथे नुसत्या नजरेपेक्षा बॅटची खूण जास्त होती, तरी वाक्य चपखल बसतं, 'सोहेल ट्राइड टू स्टेअर हिम डाऊन, बट प्रसाद डिडन्ट ब्लिंक'.

ब्लिंक म्हणजे पापणी लवणे, आणि तो शब्द स्टेअर डाऊनचा सख्खा भाऊ आहे. 'हू ब्लिंक्ड फर्स्ट?' म्हणजे आधी कोण डगमगलं. याचं जगभर गाजलेलं उदाहरण ऑक्टोबर १९६२ चं, क्युबात रशियाने क्षेपणास्त्रं आणली, अमेरिकेने समुद्रात नाकेबंदी केली, जग अणुयुद्धाच्या तोंडावर होतं, आणि रशियन जहाजं नाकेबंदीच्या रेषेपाशी थांबली, माघारी वळली अशी बातमी आली. तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क म्हणाले होते की आपण डोळ्याला डोळा भिडवून उभे आहोत आणि मला वाटतं समोरच्याची पापणी आत्ताच लवली. दोन देश समोरासमोर, आणि भाषा मात्र आपल्या लहानपणीच्या खेळाचीच.

यावरूनच पुढचा वापर कळतो. समोर माणूसच हवा असं नाही. भीती, धमकी, संकट यांनाही स्टेअर डाऊन करता येतं. 'शी स्टेअर्ड डाऊन हर फिअर' म्हणजे भीतीला तोंड देऊन तिला हटवलं. कापूस घरात भरून ठेवलाय, व्यापारी भाव पाडून मागतोय, शेतकरी म्हणतो नाही विकत, आणि शेवटी व्यापाऱ्याला भाव वाढवावा लागला तर 'दि फार्मर्स स्टेअर्ड डाऊन दि ट्रेडर्स'. पण पैशाची नड आली आणि शेतकऱ्यालाच पडत्या भावात गाडी भरावी लागली तर हे वाक्य लिहायचं नाही. मी हे उदाहरण वर्गात देते तेव्हा पोरं एकदम शांत होतात, कारण दोन्ही वाक्यं त्यांनी घरात बघितलेली असतात, आणि दुसरं जास्त.

एक बारीक फरक अजून. चालू काळात, म्हणजे 'स्टेअरिंग डाऊन' असं आलं, आणि पुढे संकट असलं, तर बातम्यांमध्ये त्याचा अर्थ बऱ्याचदा नुसता 'समोर येऊन ठाकलंय' एवढाच असतो, जिंकणं त्यात नसतं. 'भुसावळ इज स्टेअरिंग डाऊन अनदर वीक ऑफ ४५ डिग्रीज'. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो हे आपल्याला कोणी सांगायला नको, आणि उन्हाला कोणी नजरेने हटवत नाही, फक्त सामोरं जायचंय. 'स्टेअरिंग डाऊन दि बॅरल' हेही त्याच घरातलं वाटतं पण तिथे डाऊन वेगळा आहे, बंदुकीच्या नळीतून आत बघणं, म्हणजे धोका अगदी तोंडावर असणं. तिथे बॅरल हरत नाही आणि 'स्टेअर इट डाऊन' असं फिरवताही येत नाही.

बघण्याच्या बाकी शब्दांशी गल्लत नको म्हणून पटकन सांगते. डोळे वटारून बघणं 'ग्लेअर ॲट', भान हरपून प्रेमाने बघणं 'गेझ ॲट', आ वासून बघणं 'गेप ॲट', डोळे बारीक करून बघणं 'पिअर ॲट', ओझरतं बघणं 'ग्लान्स ॲट', वाईट नजरेने बघणं 'लिअर ॲट'. त्या बसमधल्या माणसाला खरं तर लिअर शब्द बसतो. सगळ्यांना ॲट लागतो हे बघा. आई पोराकडे डोळे वटारते तेव्हा ती ग्लेअर करते, आणि पोरगा मुकाट्याने पुस्तक उघडतो तेव्हा तिने त्याला स्टेअर डाऊन केलेलं असतं. आधीचा शब्द कसं बघितलं ते सांगतो, नंतरचा काय झालं ते.

आता कुठे वापरायचं नाही. इंटरव्ह्यूमध्ये डोळ्यात बघून बोला असं सगळे सांगतात, त्याला 'मेक आय कॉन्टॅक्ट' किंवा 'मेंटेन आय कॉन्टॅक्ट' म्हणतात. 'आय स्टेअर्ड डाऊन दि इंटरव्ह्यूअर' असं कोणी सांगितलं तर त्याचा अर्थ साहेबांना नजरेने नमवून आलो. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं की आबा, नाना बोलत असतील तर वर मान करून बघायचं नाही, त्यामुळे आपली पोरं इंटरव्ह्यूत टेबलाकडे बघत बोलतात, आणि कोणी सांगितलं की एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन रोखून बघतात. मधलं शिकायला लागतं, दोन-तीन वाक्यं डोळ्यात बघून बोलायचं, मग जरा नजर बाजूला, मग परत. आणि गल्लीतल्या अनोळखी कुत्र्यावर तर हा व्हर्ब अजिबात करून बघू नका, कुत्रा रोखलेल्या नजरेला आव्हान समजतो, तिथे नजर बाजूला करून हळू निघणंच शहाणपणाचं.

सराव कसा करायचा? मी वर्गात पोरांना जोडीने समोरासमोर बसवते, आपला जुनाच खेळ, पापणी लववायची नाही, ज्याची लवली तो हरला. माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते, त्यामुळे अर्धा मिनिट गेला की डोळ्यात पाणी यायला लागतं आणि सगळा वर्ग हसायला लागतो. जिंकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, 'आय स्टेअर्ड यू डाऊन'. हरणाऱ्याने म्हणायचं, 'यू स्टेअर्ड मी डाऊन'. बाजूला बसलेल्याने बोट दाखवून सांगायचं, 'शी स्टेअर्ड हिम डाऊन'. दोघंही टिकून राहिले तर 'दे ट्राइड टू स्टेअर ईच अदर डाऊन'. दहा मिनिटांत मधलं सर्वनाम तोंडात बसतं, मग 'स्टेअर डाऊन हिम' जिभेवरच येत नाही. घरी भाऊ-बहीण असतील तर जेवणानंतर करून बघा, आणि नंतर लगेच वहीत तीन वाक्यं लिहा, एक ॲटचं, एक दिशेच्या डाऊनचं, एक आजीचं.

त्या पोरीच्या वहीतलं शाब्बास मी खोडलं नाही. 'आय' वर काट मारली, तिथे 'दि ओल्ड वूमन' लिहिलं आणि शाब्बास तसंच राहू दिलं. दिवाळीनंतर तिने परत एक पान आणलं, विषय तिनेच निवडलेला, तीच बस, तोच रस्ता, वेगळा माणूस. शेवटच्या ओळीत सुरुवातीला 'आय' होता आणि मध्ये 'हिम' होता. मी पेन खाली ठेवून आधी तिला विचारलं, हे असंच झालं ना? ती म्हणाली, हो मॅडम, हिम मीच लिहिलाय.